इंदूचा गुलाबी कंद

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. मुलाला नाही, बहिणीला नाही. देवाला तर मुळीच नाही, कारण यात त्याचाही हात आहे — म्हणजे त्याच्या पाण्याचा. ते पुढं येईल. आणि जिला सांगायला हवं होतं, ती आता नाही. गेल्या थंडीत गेली.

लिहायची मला सवय नाही. चौथीपर्यंत शिकलो, मग सांगलीत जन्मभर सायकली दुरुस्त केल्या. आपल्या मंडळाच्या अंकात डॉक्टर लोक लिहितात, इंजिनियर लोक लिहितात, कुणी अलास्काला जाऊन येतं त्याचं वर्णन येतं. त्यात माझं हे कुठं बसणार? पण एका बाईचं नाव याच मंडळात खराब झालं. ते ज्यानं केलं त्यानं याच मंडळात तोंड उघडायला नको का? म्हणून लिहितोय. कागद फाडून झाले. दर वेळी सुरुवात इथल्या थंडीपासून होते, जसं काही थंडीनंच सगळं केलं. थंडीनं काही केलेलं नाही.

नीट सांगतो.

आम्ही दोघं मुलाकडं, सुधीरकडं, इथं अमेरिकेत ईडन प्रेरीला आलो ते कायमचेच. दुकान विकलं, भांडी वाटून टाकली आणि आलो. सुधीरची बायको वैशाली. तुमच्यातल्या बहुतेकांना माहीत आहे ती, एका लॅबमध्ये काम करते. मुलगी आपल्याच जातीतली, पण पोटजात वेगळी. इंदूला — माझ्या बायकोला — ते लागलं होतं. लग्नात तिनं सगळं केलं, पण तोंड आंबट करून केलं. सात समुद्र ओलांडून आलो आणि पोटजात ट्रंकेत घालून घेऊन आलो. हसताय? हसू नका. तुमच्याही ट्रंकेत होती.

पहिलं वर्ष दोघी एका घरात दोन भाडेकरूंसारख्या राहिल्या. मग डोरथीबाई आल्या.

डोरथीबाई म्हणजे शेजारची म्हातारी. नवरा वारलेला. तो तरुणपणी दक्षिण आफ्रिकेत धरणाच्या कामावर होता, तिथल्या डोंगरातून त्यानं काही कंद आणले होते. त्या झाडाचं नाव हीमॅन्थस. इथं ते फार कुणाकडं नाही, तिकडंसुद्धा खडकांच्या कपारीत कुठं कुठं सापडतं, असं त्या सांगायच्या. बाईंची बोटं सांधेदुखीनं वाकडी झाली, कुंड्या उचलवेनात. इंदूला अंगणात मिरच्या लावताना त्यांनी पाहिलं होतं. एका उन्हाळ्यात त्या दोन कुंड्या घेऊन आल्या आणि आमच्या जेवणाच्या टेबलावर ठेवल्या.

झाड म्हणजे काय, दोनच पानं. रुंद, जाड, मातीवर आडवी पडलेली. दांडा नाही, फांदी नाही. एका कुंडीतल्या पानांवर दाट लव, वासराच्या कानावर असते तशी. दुसरीतली पानं जरा गुळगुळीत. आणि बाईंनी फोटोत दाखवलेलं फूल म्हणाल तर दाढीचा ब्रश! एकाचं पांढरं, केसर लांब बाहेर आलेले. एकाचं गुलाबी, केसर आखूड, गच्च बांधल्यासारखं. मला काही ते सुंदर वाटलं नाही. इंदू मात्र बघतच राहिली.

इंदूला इंग्रजी येत नव्हतं. वैशाली मध्ये बसून सांगत होती. बाईंनी सांगितलं की झाड एकच आहे, पण त्याचे हे दोन वेगळे प्रकार, पोटातले. वैशालीला शब्द सापडेना आणि ती म्हणून गेली, "आई, म्हणजे — पोटजाती." म्हटल्यावर तिचं तिलाच कळलं. डोरथीबाई बिचाऱ्या एकेकाच्या तोंडाकडं बघताहेत. मग इंदूच म्हणाली, "मेलं, ह्यांच्यातही आहेच का!" आणि हसायला लागली. सुधीर म्हणाला, लग्न जुळतं का ते विचार. वैशालीनं खरंच विचारलं. बाई म्हणाल्या, जुळतं, एकाचे पराग दुसऱ्याला लावायचे. एकटं ठेवलं तर बी धरत नाही म्हणे.

त्या दिवसापासून घर बदललं. इंदूनं वाटणी केली, गुलाबी माझी, पांढरी वैशूची. 'वैशू' हे तेव्हापासून. पांढरी आधी फुलली, गुलाबीला उशीर होता. तर वैशालीनं पांढरीचे पराग कॅमेऱ्याच्या रोलच्या रिकाम्या डबीत घालून फ्रिजमध्ये ठेवले, तुपाच्या बरणीशेजारी. गुलाबी फुलली तेव्हा इंदूनं देवापुढची फुलवात घेतली आणि तिच्या टोकानं ते पराग लावले. दोघींची डोकी एकमेकींना लागत होती. त्या साली बी धरलं नाही. पुढच्या साली, म्हणाल्या दोघी. पुढच्या साली नक्की.

आणि मी?

आता हे लिहायला जड जातंय. मला राग यायचा. सांगलीत सकाळी दुकानाचं फळकुट उघडलं की दहा जण हाक मारायचे. इथं मी खिडकीशी बसायचो आणि टपालाची गाडी कधी येते ते बघायचो, ज्यात माझं काही नसायचं. गाडी चालवता येत नाही. बोलायला माणूस नाही. बर्फात पाय घातला की सुधीर ओरडतो, "बाबा, यू विल फॉल." जन्मभर दुसऱ्यांच्या सायकली चालत्या केल्या आणि आता मीच स्टँडवर लावलेला. इंदूचंही असंच होईल, आम्ही दोघं मिळून कंटाळू, असं मी धरून चाललो होतो. तर तिनं दोन कांद्यांवर संसार मांडला. सून मिळवली, मैत्रीण मिळवली. मी चहा मागितला की म्हणायची, थांबा जरा, कुंडी उन्हातून काढते.

कांद्याचा मत्सर करणारा माणूस बघितलाय का कधी? बघा.

थंडी आली की ते झाड झोपतं. पानं पिवळी होऊन वाळतात, खाली कंद तेवढा राहतो. मग त्याला पाणी घालायचं नाही. अजिबात नाही. कोरडं, गार जागेत, वसंत येईपर्यंत. आमच्याकडं कपडे धुण्याच्या मशीनच्या खोलीत फळ्या होत्या. वरच्या फळीवर वैशालीची पांढरी, खालच्या फळीवर इंदूची गुलाबी. इंदू रोज जाऊन नुसती बघायची. झोपलेल्या मातीत काय बघत होती कोण जाणे.

त्या फेब्रुवारीत इंदूचं पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलं. निघायच्या दिवशी सुधीर गाडी गरम करत होता. मी दारात उभा. वाटलं, आता काहीतरी बोलेल माझ्याशी. वैशालीनं सहज विचारलं, "आई, इतके महिने कोरडं — थोडंसं शिंपडू का मी?" इंदू म्हणाली, "एक थेंब नाही, कुजेल ते." मग माझ्याकडं वळली. "ऐकलंत ना? तुम्हीपण."

झालं. ऑपरेशनला निघालेली बायको, चाळीस वर्षांचा संसार, आणि नवऱ्याला सांगितलं काय, तर कांद्याला पाणी घालू नका.

तिच्यामागं पूजा माझ्याकडं आली. आता तुम्हाला माहीत आहे, देव धुतलेलं पाणी मोरीत ओतत नाहीत. पायदळी येता कामा नये. झाडाच्या मुळाशी घालायचं. गावाकडं दारात तुळस असते, प्रश्न येत नाही. इथं थंडीत तुळस जगली नाही आणि बाहेर तर दगडासारखी जमीन. म्हणून इंदू ते ताम्हणातलं पाणी वरच्या मजल्यावर रबराच्या झाडाला नेऊन घालायची. देव्हारा खाली, मशीनच्या खोलीच्या दाराशेजारच्या कपाटात. रबराचं झाड जिना चढून.

पहिल्या दिवशी मी जिना चढलो नाही. आळस. दार उघडंच होतं, हाताशी खालच्या फळीवरची कुंडी होती, तिच्यात ओतलं.

दुसऱ्या दिवशी आळस नव्हता.

दुसऱ्या दिवशी मला तिचे शब्द चांगले आठवत होते. तरी ओतलं. मनात म्हटलं, देवाच्या पाण्यानं कधी झाड मेलंय का? म्हटलं, बायकांची फाजील कौतुकं. आणि अजून एक म्हटलं, ते इतके दिवस स्वतःलाही कबूल केलं नव्हतं — म्हटलं, मरू दे मेलं. देव धुवून त्याच हातानं हे करत होतो मी. इंदूच्या जखमेत पू झाला, हॉस्पिटलातला मुक्काम लांबला, आणि मी रोज न चुकता पूजा करत होतो. सुधीर फोनवर लोकांना सांगायचा, बाबा किती मनापासून करतात.

ती घरी यायच्या आदल्या दिवशी कुंडीत अंगठा दाबून बघितला. नासक्या बटाट्यात जातो तसा आत गेला. वास आला.

तेव्हा तरी? तेव्हा तरी सांगता आलं असतं की नाही? म्हातारा माणूस, विसरलो म्हटलं असतं तरी चाललं असतं. इंदू चार दिवस बोलली नसती, पाचव्या दिवशी बोलली असती. ते सोडून मी काय केलं — मातीत पूजेच्या अक्षता होत्या. भिजून फुगलेले तांदूळ, कुंकवाचे. इंदूनं बघितले असते तर लगेच ओळखलं असतं. मी ते एकेक वेचून काढले. चष्मा लावून, सायकलच्या ट्यूबमधलं बारीक भोक शोधतात तसं वाकून. वेचले, वरून कोरडी माती पसरली आणि हात धुतले.

ज्याच्या हातून नुसती चूक झाली तो तांदूळ वेचत बसत नाही. चोर वेचतो.

चार-पाच दिवसांनी इंदू भिंतीला धरून त्या खोलीत गेली. मी आणि वैशाली मागोमाग. तिनं कुंडीत बोट घातलं. मग वरची कुंडी काढायला लावली, तीत घातलं. वरचा कंद टणक, सुपारीसारखा.

"हिची जगली," इंदू म्हणाली. "माझी तेवढी मेली."

वैशाली म्हणाली, "आई, मी हातसुद्धा लावला नाही."

"मग आपोआप भिजली?"

इंदू निघताना 'शिंपडू का' विचारलं होतं वैशालीनंच. इंदू माझ्याकडं वळली. "अहो, तुम्ही बघितलंत का कुणाला इथं?"

मी म्हटलं, "परवा ही उभी होती बराच वेळ."

वाक्य खरं होतं. परवा वैशाली तिथं बराच वेळ उभी होती. ड्रायरमधून काढलेले माझे बनियन घडी करत होती.

वैशालीनं माझ्याकडं बघितलं. तिला वाटलं असेल म्हातारा आपलं भोळेपणानं बोलला. रागसुद्धा नव्हता तिच्या तोंडावर. इंदूनं कुंडी तशीच खाली ठेवली आणि म्हणाली, "शेवटी आपलं ते आपलं आणि त्यांचं ते त्यांचं." कुंड्यांबद्दल बोलत नव्हती ती, हे तिघांनाही कळलं.

त्यानंतर भांडण झालं नाही. भांडण झालं असतं तर मिटलं असतं. इंदू पुन्हा भाडेकरू झाली. 'वैशू' गेलं, 'सूनबाई' आलं, आणि सुधीरशी बोलताना 'तुझी बायको'. सुधीर चिडून म्हणायचा, "आई, इट्स अ प्लांट! दुसरं ऑर्डर करू." दुसरं कुठं मिळणार होतं? आणि प्लांटचा प्रश्न राहिला होता का? वैशालीनं आपली पांढरी कुंडी इंदूच्या खाटेशी नेऊन ठेवली. इंदूनं ती उचलून दाराबाहेर ठेवली. शेवटी पोरीनं ती डोरथीबाईंना परत केली आणि पुढं बाईंना त्यांच्या मुलीनं ॲरिझोनाला नेलं. कुंडीही गेली असेल.

मंडळाच्या पाडव्याला इंदूनं बायकांना सांगितलं. नाव घेऊन नाही, पण कळेल असं. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. "वैशालीच्या हातात तुळस देऊ नका गं," असं कुणीतरी म्हणालं आणि सगळ्या हसल्या. वैशालीपण हसली. पुढच्या कार्यक्रमालाही तसंच, त्याच्या पुढच्याही. मग तिनं यायचंच सोडलं. तिला गर्व झाला, नोकरीचा माज आहे, असंही मी माझ्या कानांनी तुमच्यातल्या कुणाकडून ऐकलं. ऐकलं आणि वाटीतली बासुंदी संपवली.

सांगायचं राहून गेलं, असं मी म्हणणार नाही. राहून जायला ती काही औषधाची गोळी नव्हे. रोज सकाळी उठून मी न सांगायचं ठरवत होतो.

मग इंदूचं हृदय थकलं. ही गेल्या थंडीतली गोष्ट. वैशालीनं लॅबमधून रजा घेतली. तिला आंघोळ घालायची, वेणी घालायची, पायाची नखं कापायची. इंदूला इंग्रजीचे जे चार शब्द येत होते त्यातला एक ती सुनेसाठी वापरायची. नखं कापून झाली की म्हणायची, "थँक्यू." घरच्या माणसाला आपल्यात कुणी थँक्यू म्हणतं का? नर्सला म्हणतात. वैशाली नेलकटर पुसून खोलीबाहेर जायची. मी खुर्चीत बसलेला असायचो.

आता खरं ते येतंय. इतका वेळ कंदाभोवती फिरलो ते यासाठीच. कंद मारला हा माझा गुन्हा असेल, पण मोठा नाही.

जायच्या आधी एक दिवस, दुपारी, वैशाली औषध आणायला गेली होती. इंदू जागी होती. छताकडं बघत म्हणाली, "अहो, मी वैशूला उगाच बोलले का हो?"

वैशू म्हणाली. किती दिवसांनी.

मी तिचं पांघरूण सारखं केलं. ती म्हणाली, "तिनं पाणी घातलंच नसेल तर?"

घरात दुसरं कुणी नव्हतं. मला कुणी मारणार नव्हतं, हसणार नव्हतं. समोरची बाई उठून बसू शकत नव्हती. चार शब्द — मी घातलं होतं, इंदू. एवढंच. वैशाली औषध घेऊन आली असती, इंदूनं तिला जवळ बोलावलं असतं. तेवढा वेळ होता. पुरेसा होता.

मी म्हटलं, "झोप आता. जुनं कशाला काढतेस?"

तिनं डोळे मिटले नाहीत. मग म्हणाली, "पण तुम्ही बघितलं होतंत ना तिला?"

आणि मी म्हटलं, "हो."

दुसऱ्या दिवशी ती गेली.

का म्हटलं? मीच मला कितीदा विचारलं. भ्यालो? मरणाऱ्या बाईला भ्यालो? तिच्या नजरेतून उतरेन म्हणून? म्हणजे ती जाताना माझ्याविषयी चांगलं मत घेऊन जावी, त्यासाठी सुनेविषयीचं वाईट मत बरोबर दिलं मी तिच्या. कुठलंही कारण काढून बघतो, हातात धरलं की कुजकं निघतं. शिकलेल्या माणसाकडं याला एखादा चांगला शब्द असेल. माझ्याकडं नाही.

तेराव्याला घरात माणसं होती. वैशाली माझ्या पानात भात वाढत होती. मला दात नाहीत, माझा भात ती वेगळा मऊ शिजवते, अजूनही. वाढता वाढता खालच्या आवाजात तिनं विचारलं, "बाबा, आई शेवटी माझ्याबद्दल काही म्हणाल्या का?"

मी म्हटलं, "नाही."

म्हणाली होती, वैशाली. तुला वैशू म्हणाली होती. तुला उगाच बोलले का, असं तिनं मला विचारलं होतं. त्याचं उत्तर जगात एकट्या माझ्याकडं होतं, आणि मी ते दिलं नाही.